आपटे रिंग, लिमये रिंग आणि तिसरं कडं

डॉक्टरांनी खडू उचलला, फळ्यावर एक शब्द लिहिला आणि सगळी लॅबोरेटरी हसली.

शब्द होता 'येसकर'.

माझं आडनाव येसकर नाही. मी हातात पेढ्यांचा पुडा धरून उभा होतो. पेढे मीच आणले होते, चिंचवड गावातून, सायकलवरून. रिवाज तसाच होता. ज्याची रिअॅक्शन पास झाली त्याने पेढे आणायचे, डॉक्टरांनी फळ्यावर तिचं नाव लिहायचं.

"काय रे, पटलं ना?" डॉक्टर म्हणाले. "गावाची वेस बंद करणारे तुम्हीच. इथे तू कडं बंद केलंस. फिट बसतं की नाही?"

"वा डॉक्टर! याला म्हणतात नाव ठेवणं," लिमये म्हणाले.

आपट्यांच्या तोंडात माझाच पेढा होता. ते हसता हसता खोकले. कोणी तरी त्यांना पाणी दिलं.

मी हसलो नाही. पुडा टेबलावर ठेवला आणि केटलकडे गेलो. केटल म्हणजे आमचं मोठं लोखंडी भांडं, ज्यात माल शिजतो. तिथे काम होतं, हे एक कारण. तोंड लपवायला जागा होती, हे दुसरं.

आता नीट क्रमाने सांगतो.

साल अठ्ठावन्न. कारखाना चिंचवड स्टेशनच्या पलीकडे, मुंबई रस्त्यापासून आत. आजूबाजूला ज्वारीची रानं आणि मध्ये आमच्या पत्र्याच्या शेड. औषधाला लागणारा कच्चा माल आम्ही बनवायचो. मी बी.एस्सी. झालेला, लॅबोरेटरीत असिस्टंट, राहायला दापोडीत एका खोलीत. आपटे आणि लिमये केमिस्ट. त्यांच्यावर डॉक्टर, जर्मनीत शिकून आलेले. डॉक्टर आपट्यांना 'आपटे, तुम्ही' म्हणत, लिमयांना 'लिमये, तुम्ही' म्हणत. मला 'अरे' म्हणत. हे मी पहिल्या दिवशीच टिपून ठेवलं होतं, पण तेव्हा वाटलं, वय लहान म्हणून असेल. लिमये माझ्याहून सहा महिन्यांनी लहान होते, हे नंतर कळलं.

कडं म्हणजे काय, तेही सांगतो. अणूंची साखळी असते. तिची टोकं एकमेकांना जुळली की कडं तयार होतं. आम्ही त्याला रिंग म्हणायचो. किती तरी रंग आणि औषधं या कड्यांवर उभी आहेत. कडं करायच्या रिअॅक्शन शेकड्याने आहेत आणि त्यांची वर्गवारी करणं मला मनापासून आवडायचं. कडं पाच अणूंचं की सहांचं? सगळे अणू कार्बनचे की मध्ये एखादा नत्राचा? बंद होताना नवे बंध किती जुळले, एक की दोन? बाहेर काय पडलं, पाणी, आम्ल की वायू? एवढ्या चार प्रश्नांची उत्तरं दिली की कोणतीही रिअॅक्शन आपल्या जागी जाऊन बसते. मग ती लंडनमध्ये सापडलेली असो की चिंचवडला.

परदेशी पुस्तकांत मात्र रिअॅक्शनला माणसाचं नाव असतं. ज्याने शोधली त्याचं आडनाव. डॉक्टरांनी तीच पद्धत आमच्याकडे आणली. कारखान्यात ज्याने एखादी रिंग नीट बसवून दाखवली, त्याचं आडनाव त्या रिअॅक्शनला. दाराशेजारच्या फळ्यावर ते कायम राहायचं, कोणी पुसायचं नाही. पिंपांवरही तेच रंगवायचे. आणि ज्याचं नाव फळ्यावर, तो केमिस्ट. बॅचच्या कागदावर सही त्याची. सही झाल्याशिवाय माल फाटकाबाहेर जात नसे.

म्हणून त्या फळ्यावर माझी नजर होती. ते नाव म्हणजे माझी बढती होती. त्याहून जास्त काही होतं, तेही सांगतो. मला वाटायचं, ही एक जागा अशी आहे जिथे माणसाला त्याच्या कामावरून नाव मिळतं.

केटलवरच्या कामगारांनी या नावांची पार चेष्टा करून टाकली होती.

"आज आपटे उतू गेला राव!"

"लिमयाची झाकण-पट्टी सैल झालीय, आवळा जरा."

"आपटे गार पडलाय. वाफ द्या त्याला."

आपटे ऐकायचे आणि खूश व्हायचे. ज्याचं नाव वरच आहे त्याला चेष्टा लागत नाही.

माझं काम असं होतं. आम्हाला हवं असलेलं कडं सहा अणूंचं, त्यात एक नत्र. ते दोन बाजूंनी बंद होऊ शकायचं. एका बाजूने झालं तर औषधाचा माल, दुसऱ्या बाजूने झालं तर फेकून द्यायचा चिखल. नेहमी दोन्ही मिसळून यायचे. मी आधी मिश्रणातलं पाणी हाकलून बघितलं, आम्ल थेंबाथेंबाने सोडून बघितलं, ताप खाली ठेवून बघितला. पाच महिने गेले. शेवटी कडं बहुतेक करून हव्या त्या बाजूने बंद व्हायला लागलं. केटलमध्येही तसंच आलं. डॉक्टरांनी बाटली उजेडात धरली आणि म्हणाले, "पेढे आण."

मग तो शब्द.

माझा बाप येसकर होता. खेड तालुक्यातलं आमचं गाव. आम्ही महार. येसकराने वेशीपाशी बसायचं, गावात कोण आलं कोण गेलं बघायचं, सरकारी माणसाच्या पुढे धावायचं, मेलेलं ढोर ओढायचं. वेशीचा दरवाजा तर कधीच सडून गेला होता. काम तेवढं उरलं होतं. संध्याकाळी घुंगरांची काठी आपटत बाप दारोदार भाकरी मागायचा. मागे टोपली घेऊन मी. बायका दारातून, अंग सांभाळून, वरून भाकरी टाकायच्या. टोपलीत पडली तर पडली, नाही तर मी मातीतून उचलायची.

छप्पन साली आम्ही धर्म बदलला. गावकीची कामं सोडली. बापाने काठी ओढ्यात टाकली. गावाने आमचं पिठाच्या गिरणीवर जाणं बंद केलं. बाप त्यानंतर वर्षभर जगला, पण पुन्हा कोणाच्या दारात उभा राहिला नाही.

बापाने टाकून दिलेलं ते काम डॉक्टरांनी खडूने परत माझ्या अंगावर घातलं.

आडनावावरून जात कळते, पण बापाचं काम डॉक्टरांना कळलं कसं? मी कारखान्यात कोणाला सांगितलं नव्हतं. एक लिमये सोडून.

लिमये माझ्या शेजारी बसून डबा खायचे. आपटे बसत नसत, त्यांना नेहमी तेव्हाच काही काम निघायचं. लिमये बसायचे. माझ्या डब्यातली सुकट एकदा वास घेऊन म्हणाले, "खात नाही, पण वास झकास आहे." मला तो माणूस आवडला. एके दिवशी त्यांनी विचारलं, "वडील काय करायचे तुमचे?" इतकं आपुलकीने विचारलं की मी सगळं सांगितलं. वेस, काठी, टोपली, माती. लिमयांचे डोळे भरून आले होते. खरोखर भरले होते, मी पाहिले.

तेच डोळे फळ्यासमोर हसत होते.

त्या दिवसापासून मला आपुलकीची भीती बसली. कोणी चहा पुढे केला की मी बघायचो, का केला? कोणी 'बसा' म्हटलं की वाटायचं, कशासाठी? डब्याला मी एकटा बसू लागलो. लिमये एकदा म्हणाले, "काय हो, रागावलात का आमच्यावर?" मी म्हटलं, "नाही. भूक लवकर लागते हल्ली." त्यांनी ते खरं मानलं की मानल्यासारखं केलं, हे ओळखायचा मी प्रयत्न करत राहिलो. ओळखता आलं नाही.

आठवड्याभरात पिंपांवर काळ्या रंगात 'येसकर' उमटलं. कामगार मोकळ्या मनाने बोलायचे, "येसकर लागलाय दोन नंबरला." त्यांच्यातले अर्धे लांबच्या जिल्ह्यांतून आलेले. त्यांना वाटलं, हेच माझं आडनाव. फिटर हसनभाई तेवढे आमच्या दापोडीच्या गल्लीतले, त्यांना खरं आडनाव माहीत होतं.

"भाऊ, ये येसकर कौन?" ते म्हणाले. "नवा साहेब आला काय?"

मी सांगितलं, येसकर म्हणजे काय.

हसनभाईंनी हातातला पाना खाली ठेवला. "आणि तुमी पेढे वाटले?"

"नाव लिहायच्या आधी वाटले."

"हां. मग ठीक." त्यानंतर हसनभाईंनी तो शब्द कधी उच्चारला नाही. 'दोन नंबर केटल' म्हणायचे.

त्याच महिन्यात हसनभाईंचा हात भाजला. लिमयांच्या नावावर दोन रिअॅक्शन होत्या. एकीतून फक्त पाणी बाहेर पडायचं, दुसरीतून आम्लाची वाफ. दोन्ही केटलवर 'लिमये'च लिहिलेलं. थोरला लिमये आणि धाकटा लिमये असं तोंडी म्हणायचे. हसनभाईंना वाटलं पाण्याची केटल, आणि त्यांनी उघड्या हाताने नळी सोडवली. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी गेली.

डॉक्टर धावत आले. मलम लावलं, गाडी बोलावली, सगळं केलं. आणि वर म्हणाले, "हसन, इतकी वर्षं झाली, तुला थोरला लिमये आणि धाकटा लिमये ओळखता येत नाही?"

हसनभाई दात आवळून बोलले, "साहेब, केटलीमंदी तोंड दिसत न्हाई ना त्यांचं."

मी ते ऐकलं आणि माझ्या डोक्यात पहिल्यांदा नीट उजेड पडला. तोवर मला वाटत होतं, फळ्यावरचं माझं नाव चुकीचं आहे आणि बाकीची बरोबर आहेत. आता दिसलं की सगळाच फळा चुकीचा आहे. आडनावावरून भांड्यात काय आहे ते कळत नाही. माणसाच्या आत काय आहे, तेही कळत नाही. आडनाव एवढंच सांगतं की कोण कोणाच्या घरात जन्मला. आणि नेमकं तेवढंच या लोकांना हवं असतं.

रविवारी गावी गेलो. आईला सगळं सांगितलं. आई चुलीपुढे बसली होती.

"साहेबानं लिवलं?" तिने विचारलं.

"हो."

"समद्यांम्होरं?"

"हो."

"मंग तू पुसलंस का न्हाई?"

मी सांगायला गेलो की फळा पुसायचा नसतो, तिथला तसा रिवाज आहे.

"रिवाज," आई म्हणाली. "आमास्नी बी हेच सांगत व्हते गावात." आणि तिने भाकरी उलटली.

सोमवारी बॅचचा कागद सहीला आला. वर छापल्यासारखं स्वच्छ अक्षर, 'येसकर रिंग'. खाली माझ्या सहीची जागा. केमिस्ट म्हणून ती माझी पहिली सही असती. मी कागद तसाच परत पाठवला. मंगळवारी पुन्हा आला, पुन्हा परत पाठवला. पिंपं फाटकाशी उभी राहिली. गुरुवारी डॉक्टरांनी खोलीत बोलावलं.

"बस," ते म्हणाले. त्या खोलीत मला 'बस' असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं. मी उभाच राहिलो. मनात म्हटलं, आता काही तरी गोड येणार.

"मनाला लावून घेतलंस होय रे? अरे, गंमत होती. मी जातपात मानत नाही. जर्मनीत मी काय काय खाल्लंय ते तुला माहीत नाही."

मी खिडकीतून फाटकाशी उभ्या पिंपांकडे बघितलं.

"बरं, बदलू नाव. सोमवारी मुंबईहून डायरेक्टर येताहेत, परदेशी पाहुणेही आहेत बरोबर. त्यांना फळा दाखवायचाय. तुझी रिंग सगळ्यात महत्त्वाची. मी ठरवलंय, तुझंच नाव लावायचं."

"माझं आडनाव?"

डॉक्टरांनी पेपरवेट इकडून तिकडे ठेवला.

"आडनावच, पण असं बघ. तुझं जे आहे ते ऐकल्यावर लोकांना लगेच कळतं. मला काही नाही, पण पाहुण्यांपुढे प्रश्न नकोत. तू खेडचा ना? 'खेडकर रिंग'. ऐकायला छान आहे, खोटंही नाही. कोर्टात अर्ज करून कायमचंच बदलून घे, मी मदत करतो. पोरांचं कल्याण होईल."

खरं सांगतो, डॉक्टरांना हे मनापासून वाटत होतं. ते मला भेट देत होते. 'येसकर' म्हणताना त्यांनी माझ्या बापाला फळ्यावर टांगलं. 'खेडकर' म्हणताना त्यांना माझा बाप पुसून टाकायचा होता. दोन्ही वेळी खडू त्यांच्याच हातात.

"नको," मी म्हणालो.

"नको म्हणजे? मग काय पाहिजे तुला?"

मी पाठ केल्यासारखं सांगितलं. "सहा अणूंचं कडं, एक नत्र. दोन नवे बंध. बाहेर पाणी. असं लिहा."

"बस? नाव नको?"

"कोणाचंच नको. आपटे, लिमये, सगळ्यांचं पुसायचं. प्रत्येक रिअॅक्शन काय करते ते लिहायचं. पिंपांवर तेच, केटलवर तेच. म्हणजे पुन्हा कोणाचा हात भाजणार नाही."

"हसनचा हात मध्ये आणू नकोस."

"तो मध्येच होता, साहेब."

डॉक्टर उठले. आवाज आता नेहमीचा झाला होता. "तू मला वर्गवारी शिकवणार? जगभर चालतं ते चूक आणि तू बरोबर? तुला जागा दिली, काम दिलं, फळ्यावर घेतलं. तुमच्या लोकांचं हेच चुकतं, दिलेलं पचत नाही तुम्हाला."

आलं. 'तुमच्या लोकांचं'. त्याची वाट मी खोलीत शिरल्यापासून पाहत होतो. आल्यावर बरंच वाटलं. संशय खरा ठरला की पाय जमिनीला टेकतात.

मी बाहेर आलो. आपटे, लिमये, दोन मदतनीस, सगळे आपापल्या टेबलाशी होते. दाराशेजारी गेलो. डस्टर नव्हतं, कारण तो फळा पुसायचाच नसायचा. मी शर्टाच्या बाहीने 'येसकर' पुसलं. फक्त तेवढंच. आपटे, लिमये तसेच ठेवले. ते पुसायचं काम त्यांचं होतं. मग खडू घेऊन रिकाम्या जागी लिहिलं: सहा अणूंचं कडं, एक नत्र, दोन नवे बंध, पाणी बाहेर.

कोणी हसलं नाही. लिमये पुढे येऊन हळूच म्हणाले, "अहो, काय करताय? नोकरी जाईल." मी म्हटलं, "तुमची नाही ना जाणार?" ते मागे सरले.

डॉक्टर दारात उभे होते. म्हणाले, "सही करणार आहेस की नाही?"

"त्यावर हे लिहा, आत्ता करतो."

"नाही लिहिलं तर?"

"तर नाही करणार."

त्यांनी लिमयांकडे पाहिलं. एवढंच. लिमयांनी टेबलावरून कागद उचलला, खिशातून पेन काढलं, आणि सही केली. सोमवारी डायरेक्टर आले तेव्हा माझं वाक्य पुसलेलं होतं आणि तिथे लिहिलेलं होतं 'लिमये तिसरा'. पाहुण्यांनी लिमयांचा हात हातात घेतला. हे मी बाहेरून, खिडकीच्या काचेतून पाहिलं, कारण तोवर मला गोडाउनला टाकलं होतं, पिंपं मोजायला. पगार असिस्टंटचाच.

पाच महिन्यांचं काम गेलं. ते माझ्याच हाताने गेलं, हे मला माहीत आहे. एक सही केली असती तर राहिलं असतं.

चार-आठ दिवसांनी लिमये दापोडीला माझ्या खोलीवर आले. हातात मिठाई. "मनात ठेवू नका," म्हणाले. "माझा नाइलाज होता. डॉक्टर म्हणताहेत, शनिवारपर्यंत दोन ओळी माफीच्या लिहून द्या, परत वर घेतो. 'खेडकर'सुद्धा चालेल म्हणताहेत."

"माझ्या बापाचं डॉक्टरांना तुम्ही सांगितलंत?"

लिमये चपला काढता काढता थांबले. "सहज विषय निघाला होता. मी चांगल्या अर्थानेच सांगितलं हो. कुठून कुठे आलात, असं."

"चपला काढू नका," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"आत यायचं नाही. तिथूनच सांगतो, डॉक्टरांना निरोप द्या. माफी लिहिणार नाही. दुसरं आडनाव घेणार नाही. नोकरीही सोडणार नाही, तुम्हाला हवी असली तरी. गोडाउनला ठेवा, फाटकावर ठेवा. ज्या कागदावर माझ्या कामाला दुसऱ्याने ठेवलेलं नाव असेल, त्यावर माझी सही मिळणार नाही. तुमच्या फळ्यावर मला जागा नको. तो फळा उतरेपर्यंत मी रोज कामावर येणार आणि रोज हेच मागणार."

लिमयांनी मिठाई उंबऱ्यावर ठेवली. मी ती उचलून परत त्यांच्या हातात दिली आणि दार लावलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या भोंग्याला हजर झालो. माफीची मुदत शनिवारपर्यंत होती. शनिवारी मी डॉक्टरांच्या टेबलावर कागद ठेवला. त्यावर कारखान्यातल्या सगळ्या कड्यांची वर्गवारी होती, अणू, बंध आणि बाहेर पडणारं द्रव्य यांसह. आडनाव त्यात एकाचंही नव्हतं. डॉक्टरांनी तो फाडला. पुढच्या शनिवारी मी दुसरा ठेवला.